एका कलमाची तीन कलमं

वनधोरण समन्वय समिती. नाव कसं भारदस्त, पण तिची पहिलीच बैठक मोडली ती पाण्याचा ग्लास फेकल्यामुळे. कुणी फेकला यावर अजून एकमत नाही. मेंढपाळांचा म्होरक्या म्हणतो वखारवाल्या शेठनं, शेठ म्हणतो म्होरक्यानं, आणि भिजला तो पाणीखात्याचा इंजिनियर, ज्याचं दोघांशीही काही वाकडं नव्हतं. पाणीखात्याचाच माणूस भिजला म्हणून लोक पोट धरून हसले. इंजिनियर मात्र पुढच्या बैठकीला आला नाही, त्याला घरी जाऊन समजावून आणावं लागलं.

समजावून आणलं ते समन्वयक बाईंनी. त्यांचं कामच ते. जंगल एक आणि त्यावर हक्क सांगणारे डझनभर. वनखात्याला झाडं उभी हवीत, वखारवाल्याला आडवी. रस्तेखात्याला मधून सरळ रेघ ओढायची. खाणवाल्यांना झाडाशी देणंघेणं नाही, त्यांचा जीव झाडाखालच्या मातीत अडकलेला. म्होरक्याला गवत हवं, पाणीखात्याला झरे, गावसभेला कर, जिल्ह्याला अहवाल, आणि राजधानीतल्या मंत्रालयाला एवढंच की हे एकदाचं मिटावं आणि मिटवल्याचं श्रेय आपल्या पदरात पडावं. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवायचं आणि सगळ्यांच्या सह्या एकाच मसुद्याखाली आणायच्या, हे बाईंचं काम. त्यांना स्वतःला मत नव्हतं. बाजू तर नव्हतीच नव्हती. कचेरीत सगळे त्यांना पाठीमागं 'तराजू' म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, सुरुवातीला आवडायचंही.

ग्लासाच्या प्रकरणानंतर बाईंनी नियम घातले. इथं कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही, जे काय बोलायचं ते समन्वयकाकडे बघून. शेठला म्होरक्याला शिवी द्यायची असली तरी ती बाईंना द्यायची, बाई ती धुऊनपुसून पुढं पोचवतील. फोन बाहेरच्या टोपलीत ठेवायचे. आणि मसुद्याचं प्रत्येक कलम मोठ्यानं वाचलं जाईल, मग टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं ओळीनं, आपल्या तोंडानं, 'हरकत नाही' म्हणायचं, नाहीतर हरकत काय ते सांगायचं. नुसती मान हलवलेली चालणार नाही. कारण खाणीच्या वकिलानं एकदा मान हलवून होकार दिला आणि पुढच्या महिन्यात म्हणाला, होकार कसला, मला मानेचा त्रास आहे.

नियम कामाचे निघाले. समिती रडतखडत का होईना चालायला लागली. मग एका बैठकीला जंगलातून डिंक, मध, मुळ्या गोळा करणाऱ्या बायकांच्या संघटनेनं आपली प्रतिनिधी पाठवली, आणि दारातून बाईंची सख्खी थोरली बहीण आत आली.

आता इथं जरा मागं जायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बहीण आली तर त्यात एवढं काय.

या दोघींची आई लवकर गेली. धाकटीला वाढवलं ते ताईनं. स्वतःची शाळा सोडून हिला शाळेत पोचवलं, हिचे केस विंचरले, हिच्या तापात रात्री जागून काढल्या. पुढं ताई लग्न होऊन जंगलाच्या कडेच्या वस्तीत गेली आणि धाकटी शिकून सवरून वनखात्याच्या कचेरीत लागली. दाजींचा एक जुना टेंपो होता. उत्तरेच्या उतारावरून वाळकं लाकूड आणि बायकांनी गोळा केलेल्या मालाची पोती खाली आणायची, बाजारात पोचवायची, हा त्यांचा बापापासूनचा धंदा. मग खात्यानं तो उतार बंद केला. दाजी नेहमीसारखे वर गेले आणि सापडले. टेंपो जप्त झाला.

ताई धाकटीच्या कचेरीत आली. उभ्या जन्मात पहिल्यांदा. चपला बाहेर काढाव्यात की नाही हे न कळून दारात क्षणभर थांबली, मग आत येऊन टेबलासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली की, एक शब्द टाक ग, टेंपो तेवढा सोडतील. पलीकडच्या टेबलावर वनखात्याचे साहेब बसले होते. दोघे कारकून कान टवकारून होते. धाकटीची नोकरी नवी, आणि ही कुणाच्या बाजूची नाही असं नाव नुकतंच होऊ लागलेलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती म्हणाली, "मला कुणाची बाजू घेता येत नाही. तुम्ही अर्ज करा."

तुम्ही! जिनं न्हाऊमाखू घातलं तिला. अहो, टेंपो सोडवता आला नसता तर नसता, खाली अंगणात नेऊन 'ताई, माझ्या हातात नाही ग' एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. पण माणूस घाबरला की नको तिथं सभ्य होतो. ताईनं तिच्याकडे एकदा पाहिलं, पदर सावरला आणि गेली. टेंपो खात्याच्या आवारात गंजत पडला. दाजी कामासाठी लांब बंदरावर गेले ते तिकडचेच झाले. ताई वस्तीतच राहिली, आणि धाकटीच्या बाबतीत तिनं जी मिठाची गुळणी धरली ती सुटली नाही. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. एकदा बाई वस्तीच्या वळणापर्यंत गेल्यासुद्धा. अंगणात ताई मुळ्या निवडत बसलेली लांबून दिसली, पण जाऊन बोलायचं काय, या विचारानं पाय पुढं होईनात. आल्या पावली परत फिरल्या आणि त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडल्या.

अशी सहा वर्षं गेली आणि ताई समितीत आली. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. बाईंनी तोंडपाठ असलेले नियम सांगितले. पहिलं कलम वाचून झालं. एकेक जण म्हणत म्हणत पाळी खिडकीशी आली.

"हरकत नाही, मॅडम," ताई म्हणाली.

तोच आवाज. ज्या आवाजानं 'ऊठ ग, उशीर होतोय' म्हणून वर्षानुवर्षं जागं केलं तोच, किंचित खरखरीत, शेवटचं अक्षर जरा ओढणारा. मॅडम तर मॅडम. बाईंनी पुढचं कलम वाचलं ते त्या खुर्चीकडे पाळी यावी म्हणून. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये त्या स्वतःशीच हसत होत्या, आणि शेजारची बाई जरा सरकून बसली.

पुढं जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. वाळक्या लाकडाचं एक कलम होतं. बाईंना वाटलं, डोक्यावरून नेलेलं लाकूड वेगळं, वाहनातून नेलेलं वेगळं, आणि वादळात पडलेलं तर अगदीच वेगळं. पुढच्या बैठकीला एका कलमाची तीन कलमं झाली. तीनदा वाचन, तीनदा टेबलाभोवती फेरा, तीनदा ताईचा आवाज. मग मधाच्या कलमाची फोड झाली, पोळ्याचा मध निराळा आणि पेटीचा निराळा. पायवाटांची झाली. झऱ्यांची झाली. वीसेक कलमांचा आटोपशीर मसुदा फुगत फुगत साठाच्या पुढं गेला. आणि गंमत अशी की सगळे खूश! रस्तेवाले साहेब म्हणाले, एवढ्या बारकाईनं काम करणारी समन्वयक आपण पाहिली नाही. जिल्ह्यानं बाईंचं कौतुक करून इतर समित्यांनाही अशीच फोड करायला सांगितली. बाई कौतुक खाली मान घालून ऐकायच्या. कशाचं कौतुक चाललंय हे त्यांचं त्यांना माहीत.

ताई मात्र नुसतं 'हरकत नाही' म्हणून सोडायची असं नाही. हळूहळू तिच्या हरकती वाढल्या. डिंकाची मुदत पंधरवड्यानं पुढं हवी. मागच्या वेळी मान्य केलेली मुदत आता मागं हवी. 'वाट' शब्द नको, 'पायवाट' घाला. पुढच्या महिन्यात, 'पायवाट' नको, 'वाट'च बरा. एक हरकत म्हणजे एक महिना, कारण बदललेला मसुदा सगळ्यांना आठवडाभर आधी पाठवायचा, तोही बाईंचाच नियम. वखारवाले शेठ कपाळाला हात लावायचे. बाईंना वाटायचं, ही माझ्यावरचा राग काढतेय. मी जे करीन ते मोडायचं एवढंच तिनं धरलंय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते असं. वाईट वाटायचं, रडू यायचं, पण हरकत सांगताना ताई सलग चार वाक्यं बोलायची, आणि तीही आपल्याकडे बघून. चार वाक्यं! बाई रागसुद्धा जपून ठेवायला लागल्या.

या सगळ्यात उत्तरेचा उतार बंदच होता. धोरणावर सह्या झाल्याशिवाय तो उघडणार नव्हता. डिंकाचा एक हंगाम गेला, दुसरा गेला. वस्तीतल्या बायका लांबच्या वीटभट्टीवर कामाला जाऊ लागल्या. हे बाईंना कळत नव्हतं असं म्हणाल तर ते खोटं. कळत होतं. बाई मनाला समजवायच्या की घाईचं धोरण काय कामाचं, नीट होऊ द्यावं. मन काय, जे सांगाल ते ऐकतं.

शेवटी राजधानीतून निरोप आला. या भिजत घोंगड्याला मंत्रालय कंटाळलं होतं. एक साहेब स्वतः येणार. त्या दिवशी सगळी कलमं वाचून, सगळ्यांच्या सह्या घेऊनच ते निघणार. नाही जमलं तर मंत्रालय आपला मसुदा लावेल, आणि त्या मसुद्यात उत्तरेचा उतार कायमचा बंद होता.

बाई त्या आठवड्यात धड जेवल्या नाहीत. सह्या झाल्या की समिती बरखास्त. मग ती खुर्ची रिकामी, तो आवाज गेला. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की सह्या होताच, तिथल्या तिथं, सगळ्यांदेखत उठायचं, खिडकीपर्यंत जायचं आणि 'ताई' म्हणायचं. पुढं काय ते ताई ठरवील. थोबाडीत मारली तरी चालेल. निदान हात तरी लागेल.

बैठकीच्या दिवशी त्या लवकर येऊन बसल्या. एकेक जण आला, फोन टोपलीत पडले. राजधानीचे साहेब आले, घड्याळ काढून टेबलावर ठेवून बसले आणि आपली गाडी तीनची आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं. खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसली ती ताईची धाकटी जाऊ. बोलायला फटकळ, आवाज खणखणीत, बाईंनी तिला ताईच्या घरी पूर्वी चारदोनदा पाहिलेलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. मागून कुणी येत नव्हतं.

विचारलं ते शेठनं. नियमाप्रमाणे बाईंकडे बघत त्यांनी विचारलं की, मॅडम, नेहमीच्या ताई दिसत नाहीत, आज शेवटच्या दिवशी हरकती कोण घेणार? थोडं हसू झालं.

जाऊबाई उभी राहिली. नियम तिला दारातच सांगितला होता, तेव्हा तीही बाईंकडेच बघून बोलली. म्हणाली की, संघटनेनं तिला काढलं. बायकांचे दोन हंगाम बुडाले, आणि हिची दर महिन्याला नवी हरकत. ज्या हरकती आम्ही कुणी सांगितल्या नाहीत त्या हिनं घेतल्या. वाट काय आणि पायवाट काय, आम्हाला काय फरक पडतो?

एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण फटकळ माणसाला अर्ध्यावर थांबता येत नाही.

"मी तिला घरात गाठलं, मॅडम. म्हटलं, खरं काय ते सांग. तर म्हणाली, मी हो म्हटलं की बैठका संपतील. मी म्हटलं, मग संपू देत की! तर म्हणाली, मग माझ्या धाकटीचा आवाज कुठं ऐकायचा?"

म्होरक्या, शेठ, वकील, जो तो बाईंकडे बघत होता, आणि नियमच असा होता की दुसरीकडे बघायची सोय नव्हती. बाईंचे हात मसुद्यावर होते. ते तिथंच राहिले. दोन वर्षं जो राग म्हणून उराशी धरला तो राग नव्हताच. ताई तिकडे वाटेची पायवाट करत होती आणि आपण इकडे एकाची तीन करत होतो. दोघी मिळून बायकांचा घास अडवून बसलो, आणि दोघींना वाटत होतं की समोरची दगड आहे!

त्यांनी विचारलं, ती कुठं आहे? जाऊबाईचा स्वर आता जरा उतरला होता. ती म्हणाली की, निघाली आज, दुपारी एकच्या गाडीनं. बंदरावर, भाऊजींकडे. भाऊजी केव्हाचे बोलावत होते, पण समितीचं काम आहे म्हणून ती थांबली होती. आता कशाला थांबेल? घराला कुलूप लावलं, भांडीकुंडी मला दिली. परत यायचं काही बोलली नाही.

भिंतीवर साडेदहा वाजले होते. बसस्थानक शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाईंनी राजधानीच्या साहेबांना विचारलं की मध्ये तासाभराची सुटी घेता येईल का. साहेबांनी घड्याळाकडे बोट केलं. साठाच्या वर कलमं आहेत, ते म्हणाले, सुटी घेतली तर आज होत नाही, आणि आज झालं नाही तर काय ते तुम्हाला कळवलंय. मग आणखी म्हणाले, एवढी कलमं केली कुणी?

कलमं एकत्र करावीत तर बदललेला मसुदा आठवडाभर आधी पाठवायला हवा. नुसत्या सह्या घ्याव्यात तर प्रत्येकानं आपल्या तोंडानं हो म्हणायला हवं. जिकडे जावं तिकडे बाईंचाच नियम आडवा. असा स्वतःच्या पायावर धोंडा कुणी एवढ्या नीटनेटकेपणानं पाडून घेतला नसेल.

उठावं. क्षणभर त्यांनी खुर्ची मागं सारलीसुद्धा. खड्ड्यात गेलं धोरण आणि खड्ड्यात गेला तराजू. त्या दिवशी नोकरीपायी ताईला परकी केली, आज तरी ताईसाठी उठावं. पण उठलं तर उतार जातो. ज्या उतारापायी टेंपो गेला, दाजी गेले, ताईचं घर मोडलं, तो उतार मोकळा करायची हीच एक वेळ. समोर जाऊबाई बसली होती आणि तिच्यामागं दोन हंगाम वीटभट्टीवर राबलेल्या बायका. ताई आज इथं असती तर काय म्हणाली असती हे बाईंना विचारायची गरज नव्हती. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि पहिलं कलम वाचलं.

टेबलाभोवती फेरा सुरू झाला. वनखातं, हरकत नाही. रस्तेखातं, हरकत नाही. पाणीखातं, जिल्हा, गावसभा. शेठ एरवी खाकरून, चष्मा पुसून बोलायचे. आज बाईंचा शब्द संपायच्या आत त्यांचं 'हरकत नाही' तयार. म्होरक्यानं शेठच्या शब्दाला शब्द जोडला. खाणीच्या वकिलानं हरकतींचा जाडजूड गठ्ठा आणला होता, तो त्यानं न उघडता पायाशी ठेवला. कुणी कुणाला काही बोललं नाही, खूण केली नाही, पण फेरे वेगानं फिरू लागले. राजधानीचे साहेब चकित झाले. यांच्यात इतका एकोपा आहे हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, असं ते म्हणाले. म्होरक्या बाईंकडे बघून म्हणाला की, साहेबांना सांगा, आमचं पहिल्यापासून असंच आहे. भिजलेल्या इंजिनियरनं तेवढं छताकडे पाहिलं.

पण कलमं ती कलमं. डोक्यावरून नेलेलं लाकूड. वाहनातून नेलेलं लाकूड. 'उत्तरेच्या उतारावर परवान्यानिशी लहान वाहन नेण्यास मुभा राहील.' इथं बाई थांबल्या. दाजींचा टेंपो त्यांच्या डोळ्यांपुढं आला. पाणी प्यायल्या आणि पुन्हा वाचलं. वादळात पडलेलं लाकूड. पोळ्याचा मध. पेटीचा मध. प्रत्येक फोड करताना ज्या फेऱ्याची त्यांनी चवीनं वाट पाहिली होती तोच फेरा आता ताईला गाडीकडे एकेक पाऊल नेत होता. खिडकीशी पाळी आली की जाऊबाई खणखणीत 'हरकत नाही' म्हणायची आणि दरवेळी बाईंना वाटायचं, आत्ता तो दुसरा आवाज येईल. आता ताई रिक्षात बसली असेल. आता तिकिटाच्या रांगेत. ताईला बसमध्ये खिडकी लागते, नाहीतर मळमळतं, तिला खिडकी मिळाली असेल का, हे मनात, आणि तोंडानं झऱ्यापासूनचं अंतर.

एक वाजला तेव्हा पायवाटांवर होते. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. वाचन चालू राहिलं.

दोनच्या सुमारास शेवटचं कलम झालं. सह्या झाल्या. राजधानीच्या साहेबांनी बाईंचा हात हातात घेऊन भाषण सुरू केलं, तोवर रस्तेवाले साहेब आपली जीप दाराशी लावून बाईंना हाक मारत होते. या माणसानं आपल्याशी रस्त्यावाचून दुसरा विषय कधी काढला नव्हता. जीपमध्ये तो फक्त जमेल तिथून गाडी काढत राहिला. गाडी चुकली हे दोघांनाही माहीत होतं. तरी माणूस जातो. क्वचित गाड्या उशिरानं सुटतात.

ही वेळेवर सुटली होती. फलाटावर एक झाडूवाला केळ्यांच्या साली लोटत होता. त्यानं बंदराची गाडी कधीच गेल्याचं सांगितलं, आणि बाईंचा चेहरा बघून, उद्या आहे की दुसरी, असंही सांगितलं. बाई बाकावर बसल्या. निघताना टोपलीतून उचललेला फोन पर्समधून काढला. इतकी वर्षं जो नंबर वाजून वाजून बंद व्हायचा तोच लावला, कारण करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

दोनदा वाजला आणि उचलला.

पलीकडून आधी नुसती गाडीची घरघर आली. कुणाचं तरी लेकरू रडत होतं. बाईंनी फोन कानाशी इतका दाबून धरला की कान दुखायला लागला.

"झाल्या का सह्या?" ताईनं विचारलं.

"झाल्या."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. उतार उघडला, ताई."

पुन्हा घरघर. गाडी कुठल्याशा चढावर असावी. बाईंना वाटलं, आता ठेवील. विचारायचं होतं ते विचारून झालं.

"मग आता बोल," ताई म्हणाली.

डझनभर खात्यांना आणि भांडखोरांना बोलतं करणाऱ्या बाईंना एक शब्द सुचेना. तोंड उघडलं की हुंदका यायचा, मिटलं की तोही अडकायचा. रस्तेवाले साहेब जीपपाशी पाठ करून उभे राहिले. बसा येत होत्या, जात होत्या, आणि कितीतरी वेळ बाई फोनमध्ये नुसत्या रडत राहिल्या. ताईनं फोन ठेवला नाही.